सुतळीची जिलेबी

नाटक चालू असताना मी आजवर एकदाही खुर्चीत बसलेले नाही. लोकांना वाटतं, बाई कामात असतात. काम कसलं डोंबलाचं! पडदा उघडला की माझं काम संपलेलं असतं. पण पाय थांबत नाहीत. या विंगेतून त्या विंगेत, मध्येच मागच्या दारात, पुन्हा विंगेत. जळगावातल्या एका नाट्यगृहाच्या चौकीदाराने मला विचारलं होतं, "बाई, तुमचं काही हरवलं का?" मी म्हटलं, "अजून तरी नाही." निवृत्त झाल्यावर हे कमी होईल अशी घरच्यांची आशा होती. ती फोल ठरली. हा लेखसुद्धा मी बसून-उठून लिहिते आहे, आणि मध्ये उगाच गॅस बंद आहे का ते बघून आले.

शाळेत मी चित्रकला शिकवायचे. चित्रकलेच्या बाईंना आधी गॅदरिंगचा पडदा रंगवायला सांगतात. मग मुकुट करायला सांगतात. मग कोणीतरी म्हणतं, तुम्ही आहातच तर नाटकही बसवून टाका ना. असं करत करत मी बालनाट्याची दिग्दर्शक, नेपथ्यकार, शिंपीण आणि प्रसंगी पोरांची नाकं पुसणारी झाले. शाळा सुटली, नाटक सुटलं नाही. जळगाव, भुसावळची रेल्वे कॉलनी, पाचोरा, धुळे, जिथे कुणी बोलावलं तिथे पेट्या घेऊन गेले. नाटकं पुष्कळ केली, पण मला ओळखतात ते 'मिठाईच्या नाटकाच्या बाई' म्हणून.

हे नाटक एका जुन्या, जगभर गाजलेल्या इंग्रजी पुस्तकावर बेतलेलं. जादूचा कारखाना, त्यात शिरलेली मुलं, हावरटांची फजिती. एवढं सांगितलं की बहुतेकांना पुस्तक कळतं, कारण त्यावर सिनेमे निघाले आणि मोठमोठ्या शहरांत नाटकंही झाली. आमचं रूपांतर त्यातलं सगळ्यात गरीब. पहिल्या खेपेला मी पुस्तकातलं चॉकलेट तसंच ठेवलं होतं. तपकिरी सॅटिनचं कापड हलवायचं आणि पोरांनी ओणवं होऊन ते चाटल्यासारखं करायचं. पारोळ्याजवळच्या एका गावात प्रयोग होता. ऐन रंगात पुढे बसलेल्या एका अक्कांनी मोठ्याने विचारलं, "ओ बाई, पोरे हाई काय चाटी ऱ्हायनात? शेन शे का?"

अख्खं गाव हसलं. पोरंही हसली. पुढचा अर्धा अंक वाहून गेला.

त्याच दिवशी चॉकलेट काढलं. त्याच्या जागी जिलेबी, रेवडी आणि गुळाच्या पाकातली गोडशेव आली. गोडशेव खाल्ल्याशिवाय खानदेशात जत्रा झाली असं कोणी मानत नाही. होळीच्या सुमारास प्रयोग असला तर साखरेचे हार-कंगनही यायचे. पोरं गळ्यात साखरेच्या माळा घालून स्टेजवर आली की खालची पोरं जागची उठायची. परदेशी पुस्तक खानदेशात असं हळूहळू रुळलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मिठाईच्या नाटकात मिठाईची चंगळ असणार. मुळीच नाही. स्टेजवर खरी मिठाई कधीही ठेवायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी पाचोऱ्यात शिकले. तिथे एका उत्साही पालकांनी परातभर खरी जिलेबी आणून दिली होती. दिव्यांच्या उष्णतेने पाक पाघळला, वास सुटला आणि दुसऱ्या प्रवेशात गांधीलमाश्या आल्या. हावरट पोरगा, रखवालदार आणि कारखान्याचा मालक तिघेही संवाद सोडून पळाले. तेव्हापासून आमची जिलेबी सुतळीची. सुतळी डिंकात बुडवायची, वेटोळी करून वाळवायची आणि वर केशरी रंगाचे हात द्यायचे. लाडू थर्मोकोलच्या गोळ्याला डिंक लावून रव्यात लोळवलेले. बर्फी स्पंजची. आणि खरोखर खायचं असेल तेव्हा केळ्याचे काप. जळगावात केळ्याला काय तोटा!

नाटकापायी भेटलेली माणसंही नमुनेदार. भुसावळच्या एका मिठाईवाल्या शेटजींनी आम्हाला मदत केली आणि स्टेजवर स्वतःच्या दुकानाचा फलक लावून घेतला. रंगीत तालीम बघायला आले आणि लालबुंद झाले. "मॅडम, फलक माझा, आणि माझ्याच फलकाखाली पोरगं मिठाई खाऊन पोट धरून लोळतंय? उद्या माझ्या दुकानात कुत्रं तरी फिरकेल का?" त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. लोळणाऱ्या पोराने कण्हत कण्हत एक वाक्य म्हणायचं, "आई गं, ही दुसऱ्या दुकानाची होती!" त्या वाक्याला नाटकातला सगळ्यात मोठा हशा मिळाला. मी ते वाक्य कायमचं ठेवून घेतलं. शेटजींना मी तेव्हा मनात बोल लावले होते, ते मागे घेते.

हे सगळं हसून सांगता येतं. ईश्वरीचं तसं नाही. पण तिच्याबद्दल लिहायचं ठरवूनच मी आज बसले आहे.

धुळ्याच्या बालनाट्य स्पर्धेसाठी मी नव्याने मुलं निवडत होते. हावरटाची भूमिका यंदा मुलीला द्यायची असं डोक्यात होतं. नाव 'लाडूबाई'. सगळ्यांना एकच काम दिलं: समोर गरम जिलेबीचं ताट आहे, त्याच्याकडे बघा. एकाने बोटं चाटली, दुसरीने तोंडात बोकाणा भरला. ईश्वरी नुसती बघत राहिली. एकदा आवंढा गिळला आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. सहावीतल्या पोरीला हे सुचतं कसं?

दुसऱ्या दिवशी तिची आई, रंजनाताई, मला एकटीला गाठायला आल्या. माहेर-सासर दोन्ही रावेरकडचं, घरची केळीची शेती. पोरीच्या शाळेसाठी जळगावात खोली करून राहत होत्या. दार लोटून घेत त्या म्हणाल्या, "बाई, ईश्वरीले शुगर आहे. दुसरीत होती तव्हापासून. दिवसातून चार डाव सुई घ्या लागते. तिले नाटकात घ्या, लय हौस आहे तिले. पन हे कोनाले सांगू नका."

"पण मदतीला हिरामण नाना असतात, त्यांना तरी…"

"नाना बोलके आहेत. आज त्यायले सांगितलं, उद्या एसटी स्टँडावर कयलं समजा. पोरीची जात आहे, बाई. उद्या कोन करीन तिले?"

मला ते पटलं नाही. पण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पोरगी मला हवी होती. मी मान डोलावली.

मला वाटायचं, शुगर म्हणजे म्हातारपणाचं दुखणं आणि गोड बंद. ईश्वरीने मला नीट शिकवलं. तालमीनंतर ती माझ्या शेजारी सुतळी वळत बसायची आणि शाळेतल्या बाईंसारखी समजावून सांगायची. "बाई, जास्त झाली तर मला तहान लागते. ते चालतं, तेव्हा घाई नसते. पण सुई घेतली आणि खाल्लं कमी, तर ती उतरते. मग घाम येतो, हात थरथरतात आणि मी काहीतरी भलतंच बोलते. तेव्हा साखर द्यायची. आधी साखर द्यायची, मग प्रश्न विचारायचे." आम्ही लाडूबाईच्या झग्याच्या झालरीखाली एक खिसा शिवला. त्यात खडीसाखर. दुसरी पुडी माझ्या पिशवीत. खाण्याच्या प्रवेशात तिच्यापुरते केळ्याऐवजी काकडीचे काप.

हे सगळं लपवायचं म्हणजे रोजची कसरत. तालमीत मध्येच तिला बिस्किटं खावी लागत. बाकीची पोरं कुरकुरायची, "बाई, तिलाच का?" मी दटावायचे, "लाडूबाई आहे ती, सवय नको का व्हायला?" ईश्वरी खाली मान घालून खायची. ते बघवत नसे. सुई घ्यायची वेळ झाली की मायलेकी बाथरूमला कडी लावून आत जायच्या आणि मी बाहेर पहारा करायचे. आधीच माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्या महिन्यांत मला रात्री नीट झोप लागली नाही.

आता हिरामण नानांबद्दल. नाना मूळचे धुळ्याकडचे, सुतारकाम करणारे. आमच्या नाटकाच्या पेट्या, दिवे, दोऱ्या सगळं त्यांच्या हातात. कोणत्याही पोराला लागलं-खुपलं की ते आधी नानांकडे जायचं. तोंडाने बोलके खरेच, पण मनाने निर्मळ. त्यांचे थोरले भाऊ शुगरने गेले. शेवटी शेवटी भाऊ खिशात जिलेबी लपवून ठेवायचे आणि पांघरुणात खायचे, हे नाना अजून सांगतात.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी धुळ्याच्या नाट्यगृहात ईश्वरीने सुई घेतली, पण धास्तीने उपमा अर्धाच खाल्ला. आमच्या आधीच्या संघाचा पडदा अडकला आणि सगळं लांबत गेलं. पालकांना आत थांबू देत नव्हते, म्हणून रंजनाताई प्रेक्षकांत जाऊन बसल्या. त्यांची नणंद धुळ्यात दिलेली. ती सगळ्या गोतावळ्यासह भाचीचं नाटक बघायला आली होती. जाण्याआधी रंजनाताईंनी पॅसेजमध्ये नवऱ्याला फोन केला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "शुगर नीट आहे, मांगून पाह्यतो पुन्हा." नाना तिथेच खिळे गोळा करत बसले होते. त्यांच्या कानावर एकच शब्द पडला: शुगर.

नानांनी त्यावर काय केलं ते मला नंतर कळलं. खुंटीवरचा लाडूबाईचा झगा त्यांनी चाचपला. खिशात खडीसाखर लागली. त्यांना वाटलं, भावासारखीच ही पोरगी चोरून खाते. त्यांनी ती काढून घेतली. मला सांगितलं नाही, कारण लेकराची चोरी चारचौघांत कशाला उघड करायची! आईने लाजेपोटी लपवलं, मी शब्द दिला म्हणून लपवलं आणि नानांनी मायेपोटी लपवलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

पडदा उघडला. पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्यात लाडूबाई कारखान्याच्या रखवालदाराला झापते. ईश्वरीने ते झापणं सुरू केलं आणि मध्येच तिसऱ्या प्रवेशातलं वाक्य घेतलं. मग पुन्हा तेच घेतलं. मी चालता चालता थांबले. तिच्या चेहऱ्यावरून रंग ओघळत होता. तिचा हात झालरीखाली गेला, चाचपडला आणि रिकामा बाहेर आला. तिने पुन्हा तिथेच हात घातला. मग ती ताटाकडे वळली, सुतळीची जिलेबी उचलली आणि करकचून चावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय अभिनय करते पोरगी! ती डिंकाची सुतळी चावत होती, तिला ती गिळता येत नव्हती आणि टाळ्या वाढत होत्या. इतक्या वर्षांत टाळ्यांची अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

"साखर! कुणाकडे साखर आहे?" मी विंगेत ओरडले. माझी पिशवी मेकअपच्या खोलीत होती, खोलीला कुलूप आणि किल्ली व्यवस्थापकांकडे. मागे लाडवांचे डोंगर रचले होते, बर्फीच्या भिंती होत्या, आणि त्या सगळ्यात साखरेचा एक कण नव्हता. ते सगळं मी माझ्या हातांनी केलेलं होतं. नाना धावत आले आणि माझ्यासमोर आडवे हात करून उभे राहिले.

"बाई, साखर नका देऊ! तिले शुगर शे! मी तिन्हा खिसामाईन बठ्ठी काढी टाकी!"

मी त्यांना ढकलून स्टेजवर गेले. ईश्वरीला धरलं, तोंडातली सुतळी ओढून काढली. ती मला ओळखत नव्हती, हात झटकत होती. प्रेक्षकांना वाटलं हाही नाटकाचाच भाग. कुणीतरी शिट्टी मारली.

तेवढ्यात मधल्या रांगेतून रंजनाताई उठल्या. लोकांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून वाट काढत येऊ लागल्या. एक परीक्षक म्हणाले, "ताई, खाली बसा. नाटक चालू आहे."

"नाटक नाही हे!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शिट्ट्या बंद झाल्या. "माही पोरगी आहे ती! तिले शुगर आहे! सुई घेते ती रोज! आता उतरली तिची शुगर, साखर द्या तिले कोनी! बाई, साखर द्या!"

त्या बाईने जे नातेवाइकांपासून, शेजाऱ्यांपासून, शाळेपासून चार वर्षं जपून ठेवलं होतं, ते भरल्या सभागृहात नणंदेसमोर ओरडून सांगितलं होतं.

विंगेत नाना पुतळ्यासारखे उभे होते. "साखर उतरस बी का?" ते पुटपुटले. आणि मग त्यांचा हात स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात गेला. खडीसाखर त्यांनी टाकून दिली नव्हती. साखर टाकू नये म्हणून खिशात ठेवली होती. त्यांनी तिथेच पेटीवर ठेवून ती हातोडीने कुटली आणि तो चुरा घेऊन धावत आले. तोवर रंजनाताईही पोचल्या. त्यांनी चिमूट चिमूट चुरा पोरीच्या गालाच्या आतून लावला, मग उरलेला चुरा पाण्यात कालवून घोट घोट पाजला. कुणीतरी पडदा पाडला. मी आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर मांडी घालून बसले.

हळूहळू ईश्वरीची नजर जागेवर आली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माझं कोणतं वाक्य चाललं होतं?"

प्रयोग पुन्हा सुरू करू द्या, अशी मी परीक्षकांना विनंती केली. नियमात बसत नव्हतं. नंतर एक डॉक्टर येऊन तिला तपासून गेले आणि जेवू घाला म्हणाले. बाकीची मुलं रडत होती. ईश्वरी रडत नव्हती, ती चिडली होती. "माझ्यामुळे गेलं," एवढंच म्हणत होती.

बाहेर पॅसेजमध्ये नणंदबाई उभ्या होत्या. "वहिनी, पोरीले शुगर आहे अन् आम्हाले सांगितलं नाही?"

रंजनाताईंनी पदराने तोंड पुसलं. "आता सांगितलं ना. सगळ्या धुळ्याले सांगितलं."

नणंदबाईंनी पुढे होऊन ईश्वरीची पिशवी उचलली आणि गाडीपर्यंत आणून दिली.

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे एका हॉटेलावर आम्ही जेवायला उतरलो. शेवभाजीची ऑर्डर दिली. रंजनाताई सवयीने पर्स घेऊन उठल्या आणि बाथरूम कुठे आहे ते विचारू लागल्या. ईश्वरी जागची हलली नाही.

"आई, इथेच."

रंजनाताईंनी पर्स टेबलावर ठेवली. मग बसल्या. त्यांनी टेबलावरचे ग्लास बाजूला सारले, बोट टोचून आकडा बघितला, सुई काढली. पोरं भोवती गोळा झाली. एकजण म्हणाला, "दुखतं का गं?" ती म्हणाली, "थोडंसं. तू बघतोस तर बघ, पण श्वास माझ्या अंगावर सोडू नको."

नाना दूर उभे होते. आता ते हळूच येऊन रंजनाताईंसमोर उकिडवे बसले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, मन्ही चूक व्हयनी. मले बी शिकाडा. साखर कव्हय देवानी, कव्हय नही."

रंजनाताईंनी त्यांना शिकवलं. पोर गार घामाने चिंब झाली तर, हात कापायला लागले तर, उलटसुलट बोलली तर. चढली तर वेगळं, उतरली तर वेगळं. नाना एकेक वाक्य पुन्हा म्हणत होते, चुकलं की ईश्वरी दुरुस्त करत होती. सगळं पाठ झाल्यावर नानांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हाई कोनले सांगानं नही ना?"

"सांगा, नाना," रंजनाताई म्हणाल्या. "सगळ्यायले सांगा. दिसीन त्याले सांगा."

नाना ताबडतोब उठले आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सांगायला गेले.